दंतवैद्याने शुगर का विचारावी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह आणि हिरड्यांचे विकार यांच्या संबंधावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. वय वाढले की शुगरही वाढते आणि दातही हलू लागतात, त्यात नागपुरात खर्ऱ्याची भर, त्यामुळे या दोहोंची गाठ मारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत हिरड्यांच्या उपचारांनी शुगर कमी झालीच नाही. आणि दात दाखवायला आलेल्या माणसाला रक्त तपासायला सांगणे हा बिल वाढवण्याचा प्रकार आहे. शेवटी आपल्या सौभाग्यवतींच्या हलणाऱ्या दाताविषयीही आपण विचारले आहे. हिरड्यांवरील उपचार हाच माझा चरितार्थ असल्यामुळे माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. पुरावा काय आहे तेवढे मांडतो.

वयाचा मुद्दा रास्त आहे आणि तो संशोधकांनाही सुचला होता. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा आदिवासींमध्ये टाइप २ मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. त्यांच्यावरील १९९० च्या सुमाराच्या अभ्यासांत वयाचा परिणाम वजा करूनही मधुमेहींमध्ये दातांभोवतीचे हाड झिजवणारा विकार, म्हणजे आपण ज्याला पायरिया म्हणतो तो, सुमारे तिपटीने अधिक आढळला. शिवाय ज्यांची शुगर आटोक्यात असते त्यांचा धोका मधुमेह नसलेल्या माणसाच्या जवळपास राहतो, आणि ती जितकी बेलगाम तितका हिरड्यांचा नाश अधिक. केवळ वयाचा खेळ असता तर एकाच वयाच्या दोन मधुमेहींमध्ये असा फरक पडायचे कारण नव्हते. कारणही बऱ्यापैकी उलगडलेले आहे. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती शरीरातील प्रथिनांना चिकटून जे पदार्थ तयार होतात, ते हिरड्यांतील दाह भडकत ठेवतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम बिघडते आणि झिजलेले ऊतक भरून येण्याचा वेग मंदावतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी शुगर दाखवणारा रक्तातला आकडा, ७ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर पायरिया वेगाने वाढण्याच्या सर्वांत वरच्या श्रेणीत धरावा असे सांगितले आहे.

खर्ऱ्याबद्दल मात्र आपण म्हणता त्याहूनही गोष्ट अधिक अडचणीची आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून गालात धरणाऱ्याच्या हिरड्या त्या जागी खाली सरकतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. तोंड पुरते उघडेनासे झाले, तर मागच्या दाढांपर्यंत ब्रशही पोहोचत नाही आणि माझे उपकरणही. म्हणजे खर्रा हे स्वतंत्र कारण आहेच. पण ते असल्यामुळे मधुमेहाचे कारण रद्द होत नाही. दोन्ही एकाच तोंडात नांदतात, आणि तशी तोंडे आपल्या शहरात रोज दिसतात.

आता आपण उल्लेखलेली चाचणी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ५१४ मधुमेही होते आणि ६ महिन्यांनंतर उपचार घेतलेल्या व न घेतलेल्या गटांच्या एचबीए१सीमध्ये फरक दिसला नाही, हे आपले विधान अचूक आहे. उपचारांनंतरही अनेकांच्या हिरड्यांतून रक्त येतच होते, म्हणजे उपचारच अपुरे पडले, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला. तो मला पटतो, पण तेवढ्यावर ती चाचणी बाजूला सारणे मला मान्य नाही. तिच्यासह ३५ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यात हिरड्यांच्या उपचारांनंतर ३ ते ४ महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्के आणि ६ महिन्यांनी ०.३० टक्के कमी आढळले. ८.० चे ७.६ व्हावे, एवढाच हा फरक. तो क्षुल्लक नाही, पण एवढ्या बळावर ‘दात साफ करा, मधुमेह पळवा’ अशी पाटी लावणाऱ्यापासून आपण चार हात दूरच राहावे. मधुमेहामुळे हिरड्या बिघडतात याचा पुरावा भक्कम आहे. हिरड्या सुधारल्याने शुगर उतरते याचा पुरावा आहे, पण परिणाम माफक आहे.

तपासणीच्या बाबतीत आपल्या रागाचा रोख मला समजतो, कारण सरसकट प्रत्येकाला रक्त तपासायला पाठवणे मलाही पसंत नाही. आधी फुकटात बरेच कळते. मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनने २००५ साली भारतीयांसाठी तयार केलेल्या जोखीम-गुणांकनात वय, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह एवढ्याच चार गोष्टी विचारतात. समजा, इतवारीतले ५२ वर्षांचे एक दुकानदार दाढ दुखते म्हणून आले. वयाचे ३०, १०१ सेंटीमीटर कंबरेचे २०, दिवसभर गादीवर बसून असल्याचे ३० आणि आईला मधुमेह होता त्याचे १०, असे ९० गुण झाले. ६० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे जोखीम मोठी. त्यानंतर मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद सरकवायची. निरोगी हिरडीत ती ३ मिलिमीटरपर्यंत जाते. यांच्या तोंडात ती जागोजागी ६ पर्यंत गेली, दात तर फारसे किडलेले नाहीत आणि दोन ठिकाणी हिरडीत पू आहे. अशा माणसाला रक्त तपासायला न सांगणे हा हलगर्जीपणा ठरेल. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना आपला आजार ठाऊक नसतो. डॉक्टरकडे वर्षानुवर्षे न फिरकणारा माणूसही दाढ ठणकू लागली की दंतवैद्याकडे येतोच. ती संधी का दवडायची?

कोणती तपासणी करावी, हा प्रश्न विदर्भात जरा वेगळा आहे. दवाखान्यातच बोट टोचून एचबीए१सी सांगणारी यंत्रे आली आहेत आणि ती सोयीची आहेत. परंतु आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी प्रत्यक्षाहून कमी दिसते; सिकलसेलच्या वाहकांमध्ये आकडा कितपत खरा हे यंत्राच्या पद्धतीवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेमुळे तोच आकडा उलट वर सरकू शकतो. म्हणून मी साध्या पॅथॉलॉजीत उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर २ तासांची शुगर करायला सांगतो. पहिली १२६ किंवा दुसरी २०० वर गेली, तर फिजिशियनकडे पाठवतो. निदान त्यांनी करायचे, मी नव्हे. या तपासणीचा एक रुपयाही माझ्याकडे येत नाही, आणि ज्यांना खर्च नको त्यांच्यासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या सर्वांची मधुमेह तपासणी विनामूल्य होते. त्याच कार्यक्रमात कर्करोगासाठी तोंडही पाहिले जाते. त्याच वेळी ‘ब्रश करताना रक्त येते का, दात हलतात का’ एवढे विचारायला कितीसा वेळ लागणार? उलट बाजूनेही तेच. मधुमेहींचे डोळे, पाय आणि लघवी तपासायची रीत बऱ्यापैकी रुजली आहे, तोंड मात्र राहून जाते.

आता आपल्या घरचा प्रश्न. शुगर २४० असल्यामुळे डॉक्टरांनी दात काढणे पुढे ढकलले, असे आपण लिहिता. न तपासता मी नेमका सल्ला देऊ शकत नाही, पण दाताभोवती सूज, पू किंवा ताप नसेल, तर शुगर आटोक्यात येईपर्यंत थोडे थांबण्यात गैर काही नाही. यांपैकी काही असेल तर मात्र थांबणे घातक आहे, कारण तो जंतुसंसर्गच शुगर खाली येऊ देत नाही. अशा वेळी फिजिशियन आणि दंतवैद्य यांनी आपसांत बोलून मार्ग काढायचा असतो, आणि तसे बोलायला लावणे हा आपला हक्क आहे. वेळ सकाळची घ्यावी. सौभाग्यवतींनी उपाशी येऊ नये. नेहमीचा नाश्ता आणि नेहमीचे औषध घेऊनच यावे, नाहीतर खुर्चीतच शुगर उतरून घाम फुटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःहून बंद करू नये. अलीकडचा शुगरचा रिपोर्ट आणि सगळ्या औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवावी.