मॉरिशसच्या जाहिरातींतला सलोखा आणि प्रत्यक्ष बेट

मॉरिशसच्या सहलीचा बेत ठरू लागला की मराठी घरांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: हे बेट म्हणजे समुद्रापारचा छोटा भारत आहे, हिंदू, मुसलमान, क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज), चिनी आणि गोरे तिथे कधीही तंटा न होता नांदत आले आहेत, सेगा हा त्यांचा आनंदाचा नाच आहे, आणि पर्यटनाच्या जाहिरातींत प्रत्येक समाज दिसत असल्यामुळे सर्वांचाच मान राखला जातो. यातली बहुतेक विधाने निखालस खोटी नाहीत. तरीही चारही विधाने एकत्र वाचली की जे चित्र उभे राहते, ते त्या बेटावरच्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

छोट्या भारताचा मुद्दा आधी घेऊ. सुमारे साडेबारा लाख लोकसंख्येपैकी दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत हे खरे. पण 2011 च्या जनगणनेत घरी क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली भाषा बोलतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण 86 टक्क्यांहून अधिक होते, तर भोजपुरीचे जेमतेम 5 टक्के. शिवाय हा भारतीय वंशही एकजिनसी नाही. भोजपुरी मुलखातून कलकत्त्यामार्गे गेलेले, मद्रासहून गेलेले तमिळ आणि तेलुगू, मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी मजूर आणि गुजराती मुसलमान व्यापारी यांचे वारसे वेगवेगळे आहेत. तिथल्या मराठी समाजाने आपली मंडळे चालवली आणि शाळांतून मराठी टिकवली. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. जाहिरातीत मात्र गंगा तलावाकाठची 108 फुटी शिवमूर्ती आणि साडीतली एक स्त्री एवढ्यावर या सगळ्यांची बोळवण होते, आणि उरलेल्या एक-तृतीयांश बेटाला ‘छोटा भारत’ या बिरुदात जागाच राहत नाही.

तंटा कधी झालाच नाही, हे विधान तर इतिहासाला धरून नाहीच. 12 मार्च 1968 च्या स्वातंत्र्याआधी जेमतेम दोन महिने राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. फेब्रुवारी 1999 मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट कित्येक दिवस धुमसत राहिले. आजही निवडणुकीनंतर अल्पसंख्य समाजांना संसदेतल्या पूरक जागा वाटण्यासाठी 1972 च्या जनगणनेतले समाजवार आकडे आधार धरले जातात, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणेच बंद झाले. एवढे सांभाळून चाललेल्या देशाबद्दल मला आदर वाटतो. पण त्यांचा सलोखा वाटाघाटींतून आणि जखमांतून आलेला आहे, हवापाण्यासारखा आपोआप मिळालेला नाही.

सेगाबाबत थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. हा नाच गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी आणि मालागासी (मादागास्करच्या) माणसांनी उसाच्या मळ्यांवर घडवला. बकऱ्याचे कातडे ताणलेले रावान हे वाद्य आधी शेकोटीवर तापवून घेतात, म्हणजे कातडे आवळते आणि स्वर खणखणीत निघतो. नाचणाऱ्यांची पावले जमिनीवरून घासत सरकतात. गाणे जागच्या जागी रचले जाते, आणि त्यात प्रेम असते तसे दुःख, उपहास आणि मालकावरचा रागही असतो. वरच्या समाजाने आणि चर्चने दीर्घकाळ याला अश्लील ठरवले. 1964 साली ल मोर्न या डोंगराच्या पायथ्याशी सेगाची जाहीर रात्र झाली तेव्हा कुठे त्याला प्रतिष्ठा मिळू लागली, आणि 2014 मध्ये युनेस्कोने पारंपरिक सेगाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. हॉटेलातल्या जेवणाच्या वेळी जे सादर होते, त्यात बहुधा फुलाफुलांचे घागरे, कीबोर्ड आणि हसरे चेहरे एवढेच शिल्लक राहते. तिथे नाचणाऱ्या कलावंतांना मी दोष देत नाही. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. मात्र शोक आणि संताप वगळून केवळ आनंद विकणे ही निवड विकणाऱ्याची आहे.

‘सर्वांना जागा मिळते’ हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत अधिक खटकतो, कारण कोणाला कोणती जागा मिळते हे त्यात दडून जाते. क्रिओल माणूस नाचतो, मासे पकडतो किंवा पेयाचा पेला पुढे करतो. भारतीय वंशाचा माणूस पूजा करतो. चिनी माणूस पोर्ट लुईच्या चायनाटाऊनमध्ये खाद्यपदार्थ विकतो. फ्रेंच वंशाचे मळेवाले, ज्यांच्या साखरेच्या भांडवलातून पुढे अनेक किनारी हॉटेले उभी राहिली, ते चित्रात एक समाज म्हणून जवळजवळ दिसतच नाहीत. राज्यघटनेनेही हिंदू, मुसलमान आणि चिनी असे तीन समाज नावानिशी सांगितले आणि बाकी सगळ्यांना ‘जनरल पॉप्युलेशन’ या चौथ्या गटात टाकले; म्हणजे गुलामांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे वंशज एकाच रकान्यात आले. 1835 मध्ये गुलामी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने भरपाई दिली ती मालकांना. क्रिओल समाजाच्या पिछाडीबद्दल तिथल्या एका क्रिओल धर्मगुरूने 1993 मध्ये उघड बोलून वाद ओढवून घेतला होता, तो याच पार्श्वभूमीवर.

यावर एक उत्तर ठरलेले असते: जाहिरात म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे. मान्य, पण हा इतिहास बेटावर उघड्यावर, हॉटेलांच्या शेजारीच उभा आहे. हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या ‘पाण्याखालच्या धबधब्या’च्या सुप्रसिद्ध छायाचित्रात मागे जो उंच कडा दिसतो, तोच ल मोर्न, जिथे पळून आलेले गुलाम लपून राहत, 2008 पासून तो जागतिक वारसा आहे. पोर्ट लुईच्या बंदराशी 1834 पासून गिरमिटियांना, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांना, उतरवून घेणारा आप्रवासी घाट आहे, आणि त्याच्या जवळच 2023 मध्ये जुन्या लष्करी रुग्णालयात गुलामीचे संग्रहालय खुले झाले. दोन्ही ठिकाणे एका सकाळीत पाहून होतात. सहल विकणाऱ्यांनी ती कार्यक्रमात घातली तर समुद्रकिनाऱ्याचा फारसा वेळ कमी करावा लागणार नाही, आणि मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांच्या मुलखातून येणाऱ्या मराठी प्रवाशाने ती मागून घ्यायला तर कोणाचीच हरकत नसावी.