दारं लावून घ्या म्हणे!

आज सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गच्चीवरून काढलेला फोटो आला. दोन बायका, एकीच्या कडेवर पोर, दुसरीच्या पाठीवर प्लास्टिकच्या बाटल्यांचं पोतं. खाली लिहिलेलं, 'पारधी आहेत, दारं लावून घ्या.' त्यावर पटापट अंगठे. सांगलीतली शिकलीसवरलेली माणसं ही!

डोकंच फिरलं. शाळेत आमच्या वर्गात एक पारध्याचा मुलगा होता, माझ्याच बाकावर. कुणाचं काही हरवलं की सर आधी त्याचं दप्तर उपडं करायचे. वही, पेन्सिलीचा तुकडा, भाकरीचं फडकं, सगळं फरशीवर. कधीच काही सापडलं नाही. तरी पुढच्या वेळी पुन्हा त्याचंच दप्तर.

सरांच्या डोक्यात हे आलं कुठून? इंग्रजांनी १८७१ला गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११पासून तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. गुन्हा नसला तरी अमुक जमातीत जन्मलात, द्या चौकीवर हजेरी! सोलापुरात तर माणसं तारेच्या कुंपणात ठेवली. त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. देश १९४७ला सुटला, हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ला. आणि १९५९ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणलाच. त्यात जमातीचं नाव नाही, पण पोलिसांची नजर तीच राहिली.

त्याच कायद्यात अडकलेल्या कैकाडी जमातीचं बघा. विदर्भात ते अनुसूचित जातीत, आपल्या सातारा-सांगलीत विमुक्त जातीत, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्यांच्या यादीत. माणसं तीच, दाखला जिल्हा बघून.

चोऱ्या होतात, मान्य. करणाऱ्याला धरा ना! कडेवरच्या पोरानं काय केलंय?

माझ्या बाकावरच्या त्या मुलाची आई कधीकधी शाळेच्या फाटकाशी यायची, त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलायची. गुजरातीच्या जवळची, कानाला गोड. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही चोरांची भाषा इथं नको." तेव्हापासून तो आईलाही मराठीतच उत्तर द्यायचा. ती बोलायची एका भाषेत, हा मान खाली घालून दुसऱ्या. एवढंसं पोर ते.

मध्यंतरी विट्याच्या स्टँडवर भेटला. पोरं शिकतायत, चांगलं चाललंय. मी विचारलं, पोरांना तुमची बोली येते का रे?

"न्हाई शिकवली. तोंड उघडलं की लोक वळखत्यात."

काय बोलणार? त्याला घेऊन चहाला गेलो. पण त्या सरांचा राग मला आजही तेवढाच येतो.