ओट्यामागच्या टाइलवरची पिशवी

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामांनी पुण्यातल्या एका नाल्याचा फोटो टाकला. पाणी दिसतच नव्हतं, नुसती पाकिटं. खाली लिहिलं होतं, "आपल्या लोकांना शिस्तच नाही. तुमच्या जर्मनीत बघा!"

मामा, अकरा वर्षं मी श्टुटगार्टात राहतेय. इथली शिस्त पंचवीस सेंटांची आहे. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेताना तेवढी अनामत भरायची, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. याला ‘फांड’ म्हणतात, एकदाच वापरायच्या बाटल्यांना ते 2003 पासून लागू आहे. शनिवारी यंत्रापुढे पिशव्या घेऊन रांग लागते. ज्यांना रांगेचा कंटाळा ते बाटली कचरापेटीशेजारी उभी करून जातात आणि कुणी पेन्शनर आजोबा ती उचलतात. स्टेशनवर टॉर्च घेऊन पेट्यांमध्ये डोकावणारी म्हातारी माणसं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रात्री जेवण गेलं नव्हतं. तुमच्या फॉरवर्डमध्ये ती नसतात.

जिथे अनामत नाही, तिथे जर्मन माणूसही आपल्यासारखाच. कॉफीचे कप इथेही बागेत लोळतात. म्हणून शेजारच्या ट्युबिंगन शहराने 2022 पासून एकदाच वापरायच्या कपावर, डब्यावर 50 सेंट कर बसवला. बर्गरचं दुकान चालवणारी एक बाई कोर्टात गेली; जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या निकालात सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने कर योग्य ठरवला.

आता आपल्याकडचं. 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परताव्याची अट होती. कल्पना फांडचीच! आईला ते पन्नास पैसे कुणी कधी दिले नाहीत. (आणि पन्नास पैशांचं नाणं तरी कोण घेतं?) पण आई वर्षानुवर्षं पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइलवर चिकटवते, वाळल्या की गठ्ठा बांधते, कारण रद्दीवाला त्या किलोवर घेतो. हे तिला कुठल्या अभियानाने शिकवलं नाही. ती पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, म्हणून वितळवता येते, म्हणून तिला भाव आहे.

वेफर्सचं पाकीट मात्र प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये धातूचा चकचकीत मुलामा. ते थर सुटे करणं परवडत नाही, त्यामुळे भंगारवाला हात लावत नाही. जर्मनीतही असली पाकिटं पिवळ्या पिशवीत नीट गोळा होतात आणि पुढे बरीचशी भट्टीत जळतात. शिस्तीत जळतात, एवढंच.

म्हणून ‘कागद की प्लास्टिक’ हा आपला वाद मला लटका वाटतो. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतंच. भंगारवाला घेईल का, हा प्रश्न पाकीट बनवणाऱ्याला आधी विचारा. घेत नसेल तर एकाच जातीचं प्लास्टिक वापरा, नाहीतर अनामत ठेवा, आणि ती पन्नास पैसे नको, पाच रुपये. कचरा वेचणाऱ्या बायकांना त्यातून धड रोज सुटेल.

मामांचा फोटो मी मोठा करून पाहिला. वेफर्स, शाम्पूच्या पुड्या, बंदी असलेल्या गुटख्याच्याही पुड्या. दुधाची पिशवी एकही सापडली नाही.