मनगटावरचं घड्याळ रक्तातली शुगर मोजत नाही

मावशीने तो मेसेज मला पाठवला तोवर घड्याळ तिच्या हातात आलेलंही होतं. बहुतेकांच्या फोनवर हा मेसेज एकदा तरी येऊन गेला असेल. त्याचा मजकूर साधारण असा: "मधुमेहींसाठी आनंदाची बातमी! आता बोटाला सुई टोचायची गरज नाही. हे स्मार्टवॉच प्रकाशकिरणांनी २४ तास शुगर मोजतं. अमेरिकेच्या एफडीएची मान्यता. मोठ्या हॉस्पिटलांतल्या सेन्सरचंच तंत्रज्ञान. डॉक्टर आणि लॅबवाले हे सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बुडेल. फक्त १,९९९ रुपये. गरजूंपर्यंत पोचवा." सोबत एक व्हिडिओ. त्यात एका माणसाच्या एका हातावर घड्याळ, दुसऱ्या हाताच्या बोटाला ग्लुकोमीटर, आणि दोन्ही आकडे जुळलेले.

मावशी इन्सुलिन घेते. म्हणून यातला एकेक दावा मी नीट तपासला. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. असा मेसेज किती घरांत खरा मानला जात असेल, याची कल्पना करा.

सुरुवात प्रकाशकिरणांपासून करू, कारण हाच दावा सगळ्यांत पटतो. कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला होता. सुई न टोचता तो ऑक्सिजन सांगायचा. मग प्रकाशाने ऑक्सिजन कळतो तर शुगर का नाही कळणार? प्रश्न रास्त आहे. ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडलं, आणि ते उभं आहे रक्ताच्या रंगावर. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की रक्त लालभडक होतं, सुटला की काळपट. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून पाठवतो आणि कुठला किती शोषला गेला ते बघतो. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवाही असाच, ठोक्यागणिक कमीजास्त होणारं रक्त टिपतो. या दोन्ही कामांत हिमोग्लोबिन हा ठसठशीत रंग हाताशी असतो.

साखरेला रंगच नाही. शिवाय ती किती थोडी असते बघा. तुमचा जुना लॅब रिपोर्ट काढा. त्यावर हिमोग्लोबिन १३ असेल आणि शुगर १०० असेल, तर शुगर जास्त वाटते. पण पुढची एककं वाचा. हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरला १३ ग्रॅम, म्हणजे १३,००० मिलिग्रॅम आहे. शुगर १०० मिलिग्रॅम. एकशेतीस पट फरक. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर जेमतेम पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. पाच लिटर पाण्याच्या पातेल्यात एक चमचा साखर विरघळवा आणि बाहेरून बॅटरीचा झोत मारून सांगा, त्यात चमचा पूर्ण घातला होता की अर्धा. घड्याळाला हेच सांगायचंय, तेही कातडी, चरबी, घाम आणि पट्ट्याचा दाब यांच्या आडून. इन्फ्रारेडमध्ये साखरेची खूण उमटते हे खरं आहे, पण ती इतकी फिकी असते की पाणी, प्रथिनं आणि चरबीच्या खुणांखाली बुडून जाते.

यावर काम चालू नाही असं मुळीच नाही. पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, हा सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली शोधलेला परिणाम वापरून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात कितीतरी वर्षं हाच प्रयत्न चाललाय. २०२० साली एमआयटी आणि सॅमसंगच्या संशोधकांनी डुकरांवरच्या प्रयोगात कातडीतून साखरेची स्वतःची खूण टिपल्याचं प्रसिद्ध केलं. अशा संशोधनाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रयोगशाळेतलं ते यंत्र म्हणजे दोन हजारांचं घड्याळ नव्हे.

आता "एफडीएची मान्यता". २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, जाहीर इशारा दिला की कातडी न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, आणि असं उपकरण कुठल्याही ब्रँडचं असलं तरी वापरू नका. मेसेजमध्ये लिहिलंय त्याच्या नेमकं उलटं. विक्रेते जे प्रमाणपत्र दाखवतात ते बऱ्याचदा नोंदणीचं असतं. कंपनीने आपलं नाव यादीत घातलं, एवढाच त्याचा अर्थ. उपकरण तपासून पसंत केलं, असा नव्हे. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. महाराष्ट्रात एफडीए म्हटलं की दुधातली भेसळ पकडणारं राज्याचं अन्न व औषध प्रशासन डोळ्यांसमोर येतं, आणि त्या तीन अक्षरांवर लोक विश्वास टाकतात. मेसेज लिहिणाऱ्याला हा विश्वास फुकट मिळतो.

"हॉस्पिटलांतल्या सेन्सरचंच तंत्रज्ञान" हा दावा अर्धवट माहितीतून आलाय. दंडावर चिकटवायचा गोल सेन्सर खरा आहे, चांगलाही आहे. काही सेन्सर १४ दिवस चालतात. पण त्याच्या खालून केसासारखी बारीक तार कातडीच्या आत गेलेली असते. तिथल्या पेशींभोवतीच्या द्रवात ती बुडते, तिच्यावरचं एन्झाइम साखरेशी क्रिया करतं आणि त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. मोजला जातो तो प्रवाह. असा सेन्सर लावलेल्या माणसाच्या घड्याळावर शुगर दिसू शकते, पण तेव्हा घड्याळ फक्त आकडा दाखवतं, मोजणारी तार दंडात असते. बाजारातला गोंधळ नेमका इथूनच सुरू होतो. कुणाच्या तरी मनगटावर शुगरचा आकडा खरंच पाहिलेला असतो.

व्हिडिओतले आकडे जुळतात ते कसे? निरोगी माणसाची शुगर दिवसभर साधारण ८० ते १४० मध्ये फिरते, उपाशीपोटी तर १०० च्या अलीकडेपलीकडेच. घड्याळाने कायम ९५ ते ११० मधला एखादा आकडा दाखवला की बहुतेक वेळा तो जवळपास बरोबरच ठरणार. काही ॲप तर आधी ग्लुकोमीटरचा आकडा भरायला लावतात आणि मग त्याच्याच आसपास घुटमळतात. कस लागतो तो शुगर ५५ वर असताना किंवा ३०० च्या वर गेल्यावर. ग्लुकोमीटरसाठी २०१३ चं आंतरराष्ट्रीय मानक आहे. १०० च्या वरचा आकडा १५ टक्क्यांच्या आत, खालचा १५ मिलिग्रॅमच्या आत, आणि हे १०० पैकी ९५ वेळा. घड्याळ विकणाऱ्याकडे या कसोटीचा कागद मागा.

मेसेजचं समर्थन करणारे शेवटी म्हणतात, "बरं, थोडं चुकलं तर बिघडलं काय?" याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या संध्याकाळी मी मावशीकडेच होते. जेवायला उशीर झाला होता. ती ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती आणि मध्येच तिचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम. तिने मनगट वर करून पाहिलं आणि म्हणाली, "पाच पूर्णांक आठ आहे गं, बरोबर आहे, उन्हाचं होत असेल." त्या घड्याळात आकडा परदेशी एककात येतो, त्याला १८ ने गुणावं लागतं. म्हणजे १०४. मी ग्लुकोमीटर काढला. ५४ आले. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा ८२. घड्याळ या सगळ्या वेळात ५.७ आणि ५.९ दाखवत होतं. ती एकटी असती आणि घड्याळावर विसंबून आडवी झाली असती, तर पुढचं लिहायची माझी हिंमत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची शुगर ७० च्या खाली गेली की वेळ मिनिटांत मोजायची असते. उलट बाजूही तितकीच वाईट. शुगर ३५० असताना घड्याळ ११० म्हणालं, तर माणूस गोळ्या बंद करतो. दुसऱ्या दिवशी मी लाटण्याला ओला नॅपकिन गुंडाळून त्यावर ते घड्याळ बांधलं. मिनिटभरात त्याने लाटण्याची शुगर दाखवली, ५.५. मला भीती वाटली.

राहिला "डॉक्टर सांगणार नाहीत" हा आरोप. बोटाला न टोचता शुगर मोजण्याचा खरा मार्ग ज्याला सापडेल, तो जगातला मोठा धंदा उभारेल, मग तो लपवेल कोण? गूगलने २०१४ साली अश्रूंतली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली होती. अश्रूंतल्या साखरेवरून रक्तातली साखर खात्रीने सांगता येत नाही, म्हणून २०१८ साली ते काम थांबलं. त्याआधी २००१ साली अमेरिकेत एका घड्याळाला खरोखर मान्यता मिळालेली होती. ते सौम्य वीजप्रवाहाने कातडीतून द्रव ओढून घ्यायचं. पण कातडी लाल व्हायची, आणि जुळवणीसाठी बोट टोचावंच लागायचं. पुढे ते बाजारातून गेलं.

ग्लुकोमीटरमध्ये घालायच्या पट्ट्यांचा खर्च मात्र खरा आहे. दिवसाला तीन-चार पट्ट्या लागणाऱ्या घराला तो बोचतो, आणि बोट दुखतं हेही खरं. लोक या मेसेजकडे ओढले जातात ते या दुखण्यामुळे, त्यांना मूर्ख म्हणू नये. दुखणं थोडं कमी करता येतं. बोटाच्या टोकाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. रोज बोट बदला, सुई बोथट होईपर्यंत वापरू नका. टोचण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. आंब्याच्या दिवसांत तर हे विसरूच नका, कारण फळ सोललेल्या बोटावर रस राहिला तर पट्टी तोही मोजते आणि आकडा भलताच वर जातो. मावशीचा आकडा मे महिन्यात एकदा असाच २९० आला होता. हात धुऊन पुन्हा घेतला तेव्हा १४८.