फायनल फँटसीवाल्या पोस्टमधले दोर कुणीही कापले नव्हते

मावशीने काल ग्रुपवर टाकलेली पोस्ट एव्हाना तिसऱ्यांदा माझ्याकडे आलीय. त्यात लिहिलंय की १९८७ साली जपानमधली स्क्वेअर नावाची, शून्यातून उभी राहिलेली छोटी व्हिडिओ गेम कंपनी बुडायला आली, कॉलेज सोडलेल्या एका पोराने एकट्याने शेवटचा गेम बनवला, शेवटचा म्हणून नाव फायनल फँटसी, आणि त्याने सिंहगडासारखे परतीचे दोर कापले म्हणून तो जिंकला, तुम्हीही कापा. हे वाचून आमचा धाकटा मावसभाऊ इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून गेम बनवायचं म्हणतोय, म्हणून लिहायला बसले.

आधी नाव. २०१५ मध्ये क्योटोतल्या एका परिषदेत खुद्द हिरोनोबू साकागुचींनी, म्हणजे ज्यांनी गेम बनवला त्यांनीच, सांगितलं की त्यांना 'एफएफ' असं छोटं रूप हवं होतं कारण ते जपानीत बोलायला सोपं जातं. आधी 'फायटिंग फँटसी' ठरत होतं, पण त्या नावाचा खेळ आधीच होता, म्हणून फायनल. एफ वरून सुरू होणारा कुठलाही शब्द चालला असता, असं ते म्हणाले. विषय संपला.

बरं, कंपनीची हालत खराब होती हे खरंय, ते मानते. साकागुचींनीही ते नाकारलेलं नाही, आणि संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी तर एका मुलाखतीत नावाचा संबंध त्याच्याशी जोडलाय. पण शून्यातून वगैरे नाही हं, स्क्वेअर सुरू झाली ती मासाफुमी मियामोतोंच्या वडिलांच्या वीजवाहिन्या टाकणाऱ्या कंपनीचा एक विभाग म्हणून, स्वतंत्र झाली १९८६ मध्ये.

एकट्याने? लढाईची रचना अकितोशी कावाझूंची, चित्रं योशिताका अमानोंची, संगीत उएमात्सुंचं, आणि प्रोग्रामिंग नासिर जेबेली या इराणी-अमेरिकन माणसाचं. ही सगळी नावं गाळून एक हिरो उभा करायचा हा काय प्रकार आहे?

आता दोर. इथे मला खरंच राग येतो कारण पोस्टमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आणि तेच सगळ्यात खोटं. साकागुचींनी स्वतः सांगितलंय की गेम चालला नसता तर ते ही लाइन सोडून परत युनिव्हर्सिटीत जाणार होते, एक वर्ष रिपीट करावं लागलं असतं आणि सोबतचे मित्र राहिले नसते, त्या अर्थाने ते 'फायनल' होतं. म्हणजे भीती होती ती वर्ष वाया जाण्याची, मित्र नसण्याची. परत जायची वाट होतीच की! आणि कंपनी गेमच्या दोनच लाख कार्ट्रिज (म्हणजे कॅसेट) काढणार होती तेव्हा चार लाख काढा म्हणून ते मागे लागले, का, तर दोन लाखांत दुसरा भाग काढायची सोयच राहिली नसती. शेवटचा गेम म्हणून बनवणारा माणूस दुसऱ्या भागाची सोय कशाला बघेल? पहिला भाग डिसेंबर १९८७ मध्ये आला, दुसरा बरोबर वर्षाने डिसेंबर १९८८ मध्ये.

मावशी, तू ही पोस्ट डिलीट कर, प्लीज. आणि बाळा, तुझा गेम मला बघायचाय, अगदी अर्धवट असला तरी, रविवारी लॅपटॉप घेऊन ये. परीक्षेचा फॉर्म पण घेऊन ये, इथेच बसून भरू.