घोयऱ्याला कोड होत नाही

मृग लागला की आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक जुना मेसेज पुन्हा फिरू लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘सर्पमित्र म्हणून खात्री करून सांगा’ असं वर लिहून. मेसेज थोडक्यात असा: पाळलेल्या घोयऱ्याच्या अंगावर पांढरे पापुद्रे आले तर तो कोड. तो काळा पडला तर अंगात विष चढलं. उपाय म्हणजे जवसाच्या तेलात हळद कालवून अंगभर चोपडा, रोज कडुनिंबाच्या पाण्यात बुडवा, गोचीड दिसले तर कपाशीवर मारायच्या औषधाचे दोन थेंब त्याच पाण्यात टाका, मग कडक उन्हात ठेवा. आणि हात जपा, त्याचा कोड माणसाला लागतो. शेवटी अर्थातच ‘शंभर टक्के खात्रीशीर’.

घोयरा म्हणजे पुस्तकातला सरडगुहिरा, शॅमेलिऑन. धुऱ्यावर मान हलवत बसणारा साधा सरडा तो नव्हे.

पहिलं, पांढरे पापुद्रे. ही कात आहे. साप एकसंध कात टाकतो, घोयऱ्याची तुकड्या-तुकड्यांनी सुटते. आधी रंग फिका पडतो, मग कातडी पांढरी होऊन कागदासारखी उलते आणि तो फांदीला अंग घासत ती काढतो. वाढीच्या वयात हे वरचेवर होतं, मोठेपणी कमी. याला औषध लागत नाही. लक्ष द्यायचं ते कात अडकली तर. गेल्या जुलैत वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका गावात आठवीतल्या पोराने बुटाच्या खोक्यातला घोयरा माझ्यापुढे ठेवला. “काका, याले कोड झाला का जी? हळद लावली म्या, तरी जाऊन नाही रायला.” जनावर पिवळंधमक, तेलाने चिकट, वर खोक्यातला भुसा चिकटलेला. भिंग लावून पाहिलं. घोयऱ्याची बोटं दोन आणि तीन अशा जुडग्यांत असतात, चिमट्यासारखी. मागच्या डाव्या पायाच्या एका जुडग्यावर जुन्या कातीचं कडं घट्ट बसलं होतं आणि त्याच्या पुढचं बोट सुजून काळसर झालं होतं. डोळ्याच्या शंकूवरही एक पापुद्रा. असं कडं राहिलं तर रक्त अडतं आणि बोट जातं. पण नखाने सोलायला जाऊ नये, खालची ओली कातडी सोबत निघते.

कात अडकते ती बहुतेकदा पाण्यामुळे. घोयरा वाटीतलं पाणी पीत नाही. वाटी समोर असली तरी त्याला ते पाणी वाटत नाही, तो पानावरचे थेंब चाटतो. त्या खोक्यात पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी होती आणि जनावराचे डोळे आत गेले होते. त्यात आपल्याकडची हवा: मे महिन्यात अंगणातला टॉवेल पंधरा मिनिटांत वाळतो. कोरड्या हवेत, तहानलेल्या अंगावरून कात सुटणार कशी? सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा आणि जाळीचा पिंजरा, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. कुलरच्या थेट झोतात मात्र पिंजरा ठेवू नये.

आता हळद-तेल. हळद घरोघरी असते, तिच्यावर माझाही राग नाही. पण तेलाने नाकपुड्या बुजतात, धूळ चिकटते आणि अडकलेली कात तिथेच बसते. त्याहून मोठी अडचण अशी की पिवळा लेप दिल्यावर मूळ रंगच दिसत नाही. मग चट्टा पसरतोय की भरतोय हे डॉक्टरला तरी कसं कळणार?

काळं पडण्याला विष कारण नाही. घोयरा विषारीच नाही. सकाळी थंड अंगाने उन्हाकडची बाजू काळी करून तो ऊब घेतो. घाबरला, हाताळला, समोर दुसरा घोयरा आला तरी काळवंडतो. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की कातडीतल्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. काळेपणा येतो तो मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असलेल्या वेगळ्या पेशींमुळे. उन्हात बसूनही दिवसभर काळाच राहिला, डोळे मिटून पडला, तर मात्र तो आजारी आहे, मग कातडी कितीही स्वच्छ दिसो.

कपाशीच्या औषधाबद्दल मी गोड बोलणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसेक माणसं दगावली. धडधाकट माणसाचं हे होतं, तिथे मूठभर जनावराला त्याच पाण्यात बुडवायचं? फवारलेल्या शेतातले नाकतोडे धरून त्याला खाऊ घालणं हेही तेच विष, फक्त वेगळ्या वाटेने. गोठ्यातलं गोचिडाचं औषधही नको. त्याचा डोस बैलाच्या वजनाचा असतो.

उन्हाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. अतिनील किरणांवाचून ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं मऊ पडतात. पण काचेतून ते किरण जवळपास येतच नाहीत आणि आपल्या उन्हात सावली नसलेलं खोकं म्हणजे भट्टी. कोवळं ऊन, पिंजऱ्याच्या अर्ध्या भागात पानांची सावली, असं हवं. उबेसाठी बल्ब लावणाऱ्यांनी तो दूर ठेवावा. डोक्यावर, पाठीच्या कण्यावर अचानक आलेला काळा चट्टा हा कित्येकदा भाजल्याचाच असतो आणि दिसतो काही दिवसांनी.

माणसाला कोड लागतो? नाही. कोड हा संसर्गच नाही, माणसाकडूनही लागत नाही. सरपटणाऱ्या जनावरांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू मात्र येऊ शकतो, म्हणून हात साबणाने धुवा.

मग खरा रोग कोणता? फोड, ओलसर खपली, पिवळट-काळा चट्टा जो कात टाकल्यावरही जात नाही आणि खोल जातो: बुरशी किंवा जिवाणू. कातडीखाली दोरा सरकल्यासारखं दिसलं तर जंत. डासांमार्फत येणारे असे जंत रानातून पकडलेल्या शॅमेलिऑनमध्ये सापडतात. गळ्याखाली मऊ सूज हे वेगळंच प्रकरण, त्यात मूत्रपिंड आणि जीवनसत्त्वांचा अतिरेकही येतो. हे सगळं वरून सारखंच दिसू शकतं. कातडीचा तुकडा तपासल्याशिवाय बुरशी की जिवाणू हे ठरत नाही. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना चट्ट्याचे रोजचे फोटो, पिंजऱ्याचा फोटो आणि शेवटची कात कधी टाकली ते न्या.

पिंजऱ्यात पाळण्याचं हे सगळं झालं येमेनकडच्या ‘व्हेल्ड’ जातीसारख्या परदेशी शॅमेलिऑनसाठी, ज्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. आपला घोयरा पाळताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे आणि ‘पाळलेल्या घोयऱ्याच्या’ या पहिल्याच शब्दांत मेसेज गुन्ह्याची कबुली देतो. जखमी सापडला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

त्या पोराच्या घोयऱ्यासाठी मीही तोच लावला. वनरक्षक येईपर्यंत दीड तास होता. पोराने परसातल्या लिंबाची डहाळी आणली, मी तिच्यावर पाणी शिंपडलं आणि खोकं बाजूला केलं. घोयरा आधी हललाच नाही. मग जीभ जेमतेम बाहेर काढून पानाच्या टोकाचा एक थेंब घेतला, मग दुसरा, आणि असा तो वीस मिनिटं पीत राहिला. पोरगं वाटीकडे बघत म्हणालं, “मंग हे कायले भरली होती म्या?”