चापटीने बाळाचा श्वास सुरू होत नाही

परत ती पोस्ट सगळीकडे फिरतेय, की पोटात नऊ महिने बाळाचं श्वासाचं यंत्र बंद असतं, डॉक्टर उलटं धरून चापट मारतात तेव्हा ते चालू होतं आणि बाळ रडलं नाही म्हणजे श्वासच नाही. यातलं एकही खरं नाही, आणि चापटीचं तर धोक्याचं आहे म्हणून लिहितेय.

आधी ते "बंद यंत्र". पोटातलं बाळ मधूनमधून छाती हलवून श्वासाची प्रॅक्टिस करत असतं, सोनोग्राफीत चक्क दिसतं ते, फक्त फुप्फुसात हवा नसून पाणी असतं आणि ऑक्सिजन नाळेतून येतो. ही हालचाल सलग का नसते? कारण वारेतून (नाळ जिला जोडलेली असते ती) येणारी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं मेंदूच्या श्वासकेंद्राला दाबून ठेवतात, नाळ बंद झाली की तो ब्रेक सुटतो. अडेनोसिन नावाचं शरीरातलंच रसायनही असंच दाबतं, म्हणून तर लवकर जन्मलेल्या बाळांचा श्वास मधेच थांबत असेल तर त्यांना कॅफिन देतात, ते अडेनोसिनला अडवतं.

आता चापट. बाहेरची थंडी, स्पर्श, रक्तात वाढणारा कार्बन डायऑक्साइड, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या ताणाच्या संप्रेरकाची लाट, हे सगळं एकदम मेंदूच्या देठावर, म्हणजे श्वासकेंद्र असतं तिथे येऊन आदळतं आणि श्वास सुरू होतो, चापट लागत नाही. 2020 मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं व्हर्जिनिया विद्यापीठाचं काम मला फार भारी वाटतं, उंदरांच्या पिल्लांत कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या पेशी नेमक्या जन्माच्या वेळी पॅकॅप नावाचं रसायन जोरात बनवायला लागतात, आणि त्या पेशींतून ते काढून टाकलं तर पिल्लांचा श्वास जास्त वेळा मधेच थांबतो. माणसात अगदी हेच होतं असं लगेच म्हणू नका, पण तयारी आतूनच असते हे तर दिसतंच ना.

पूर्ण दिवसांच्या 100 बाळांतली साधारण 85 बाळं 10 ते 30 सेकंदात स्वतःहून श्वास घेतात, आणखी 10 जणांना कोरडं पुसून पाठ चोळली की पुरतं. उरलेल्यातल्या बहुतेकांना मास्क लावून हवा द्यावी लागते, तीही पहिल्या मिनिटातच, आणि तेव्हा उलटं धरून चापट्या मारणं म्हणजे इजेचा धोका आणि वर ते मिनिटही वाया.

रडणं चांगलंच, पण शांत बाळही नीट श्वास घेत असू शकतं. छाती एका लयीत हलतेय का, हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर आहेत का, अंगात जोर आहे का, हे बघतात.